लॉगबुकावरची सही

पोलीस खात्यात मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही खाल्ले. तरी जुन्या केसेसबद्दल कुणी विचारलं की माझ्या मनात पहिली येते ती भाईंदरमधली एक किरकोळ चोरी. चोरीला गेली होती फक्त एक वही. ती वही पाच दिवसांत सापडली, आरोपीही मिळाला. कागदोपत्री तपास उत्तम झाला. पण तो माझ्या हातून कसा झाला, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत. दोन्ही विमान कंपन्यांची नावं देत नाही.

साठचं दशक संपत आलं होतं. भाईंदरच्या चौकीवर मी फौजदार होतो. आज मीरा रोडला शांती नगरचे सेक्टर आहेत, त्या बाजूला तेव्हा मिठागरं आणि भातखाचरं होती. स्टेशनच्या पश्चिमेला काही चाळी होत्या आणि त्यांत रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले नोकरदार राहायचे. त्यातल्या एका चाळीत सांताक्रूझच्या विमानतळावर कामाला जाणारी पाच-सहा बिऱ्हाडं होती. बाकीचे लोक त्या चाळीला गमतीने ‘विमानवाल्यांची चाळ’ म्हणत.

सोमवारी सकाळी त्या चाळीतला मधुकर चौकीत आला. वय अठ्ठावीसच्या आसपास, अंगात कंपनीचा खाकी शर्ट. तो विमानाच्या इंजिनांचा मेकॅनिक होता.

“साहेब, माझं लॉगबुक चोरीला गेलंय,” तो म्हणाला.

लॉगबुक म्हणजे काय ते त्याने समजावून सांगितलं. मेकॅनिकने कुठल्या विमानाचं कोणतं काम केलं, याची ती वही. प्रत्येक कामाची नोंद करायची आणि काम तपासणाऱ्या वरिष्ठाने खाली सही करायची. मधुकरची नऊ वर्षांची नोकरी त्या वहीत होती.

“दुसरी प्रत नाही?”

“नाही. आणि शनिवारी बोर्ड आहे. वही दाखवली नाही तर मला हेल्पर म्हणून घेतील. नऊ वर्षं पाण्यात.”

त्याची कंपनी छोटी होती. एका मोठ्या विमान कंपनीनेच ती काढली होती. आता मोठी कंपनी तिला पोटात घेत होती आणि छोट्या कंपनीतल्या कुणाला नव्या कंपनीत कोणत्या जागेवर घ्यायचं ते शनिवारचा बोर्ड ठरवणार होता.

मी फिर्याद लिहून घेतली, घरातल्या चोरीचं भादंवि ३८० कलम लावलं आणि पंचनाम्याला गेलो. मधुकरची एकच खोली होती. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. रविवारी तो दिवसभर दहिसरला नातेवाइकांकडे होता. वही लोखंडी ट्रंकेत होती. ट्रंकेत बायकोचे चांदीचे पैंजण आणि एक घड्याळ होतं, ते जागच्या जागी. दाराचं कुलूप शाबूत, ट्रंकेचंही शाबूत. दोन्ही उघडून पुन्हा नीट लावलेली होती आणि कुठे साधा ओरखडाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी आमचे इन्स्पेक्टर साहेब चौकीच्या तपासणीला आले. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. मी शिपाई म्हणून भरती झालो आणि एकेक पायरी चढत फौजदार झालो. हे साहेब पदवीधर, थेट भरतीचे, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. प्रोबेशनर म्हणून ते पहिल्यांदा आले तेव्हा मी जमादार होतो. पंचनामा कसा लिहायचा, साक्षीदाराला कसं बसवायचं, स्टेशन डायरीत काय लिहायचं आणि काय नाही, हे सगळं मी त्यांना शिकवलं. आता ते आत आले की मी उठून सॅल्यूट करायचो आणि ते म्हणायचे, “बसा अण्णा.” अण्णा म्हणणं त्यांनी साहेब झाल्यावरही सोडलं नव्हतं. माणूस उद्धट असता तर मला बरं वाटलं असतं. तो चांगला होता, हेच मला खुपायचं.

साहेबांनी फिर्याद वाचली, पंचनामा वाचला आणि म्हणाले, “अण्णा, कुलूप परत लावून जाणारा चोर मी पाहिला नाही. हा हात कारागिराचा दिसतो. पैंजणही सोडलेत, म्हणजे त्याला मधुकरचं नुकसान हवं होतं. याच्या वहीवर सह्या कुणाच्या आहेत? त्या माणसाला एकदा विचारा.”

खरं सांगतो, पंचनामा लिहिताना माझ्याही मनात हेच आलं होतं. मधुकरचा उस्ताद त्याच चाळीत, दोन दारं सोडून राहत होता. पन्नाशीचा, एकटा, सगळे त्याला तात्या म्हणत. वहीवरच्या सह्या त्याच्याच होत्या. पण जे मी मनात धरून होतो ते साहेबांनी दहा मिनिटांत कागद वाचून सांगितलं, आणि त्या क्षणी ते मला खोटं वाटायला लागलं. मी म्हणालो, “साहेब, तो माणूस त्याला मुलासारखा मानतो. मला दुसऱ्या एकाचा संशय आहे.”

तो दुसरा म्हणजे पांडुरंग. त्याच चाळीत राहणारा, त्याच कंपनीत सामान चढवणारा हमाल. नळावरच्या पाण्यावरून त्याचं आणि मधुकरचं भांडण झालं होतं आणि जुन्या एका मारामारीत त्याचं नाव आमच्या रजिस्टरला होतं. एवढं मला पुरलं.

बुधवारी सकाळी मी दोन शिपाई घेऊन चाळीत गेलो. पांडुरंग अंघोळ करून डबा घेत होता. चाळीतल्या सगळ्या बाया नळावर उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी त्याला पुढे घालून नेलं. त्याची बायको दारात उभी राहून बघत होती.

चौकीत मी त्याला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले.

“साहेब, मला वाचता येत नाय धड. मी त्याच्या वहीचं काय करू?” तो म्हणत होता. “पाण्यावरून भांडलो, खरंय. पण तो बोर्डात पास झाला तर मला काय फरक पडतो? माझं नाव तर यादीतच नाय. हमालांना घेतच नायत.”

त्याच्या खोलीची झडती झाली. काही मिळालं नाही. संध्याकाळी मी त्याला सोडलं. त्याचा डबा तसाच बाकाखाली होता. तो घेऊन पांडुरंग गेला.

गुरुवारी दुपारी किनाऱ्यावरच्या चौक गावातली एक कोळीण चौकीत आली. तिची जाळी कुणी कापल्याची तक्रार होती. तक्रार लिहून झाल्यावर ती बाहेर पाणी प्यायला थांबली आणि माझ्या हवालदाराशी बोलत बसली. हवालदाराने विमानवाल्यांच्या चाळीतल्या चोरीचा विषय काढला असावा. थोड्या वेळाने तो तिला घेऊन आत आला.

“साहेब, ही काय सांगते ते ऐका.”

ती म्हणाली, “त्या चाळीतला एक म्हातारा आमचे बोटीचं मशीन बघायला येतो. सुट्टी आसली म्हंजे येतो. ह्या सोमवारी सुट्टी न्हाय, काय न्हाय, तरी सकाळचा आला. मशीन चालू हाय, बिघाड न्हाय. शेडमदी गेला, पाच मिन्टांत भाईर आला, न् पयल्या गाडीला परत गेला. शेडमदी जाताना हातात पुडकं व्हतं, भाईर येताना न्हवतं.”

अशी खबर मिळाल्यावर पाच मिनिटांत जीप काढायची असते, हे मी शंभर पोरांना शिकवलं होतं. मी ती काढली नाही. हवालदाराला म्हणालो, “बघू. खात्री करून घेऊ.” खात्री कसली करायची होती? तात्याला हात लावणं म्हणजे साहेब बरोबर होते असं कबूल करणं. पांडुरंगला दिवसभर बसवलं ती चूक होती, असंही कबूल करणं. त्या दिवशी मी इतर फायली चाळत बसलो. मधुकर संध्याकाळी येऊन विचारून गेला. त्याच्या डोळ्यांत झोप नव्हती. मी त्याला “तपास चालू आहे” एवढंच सांगितलं.

शुक्रवारी सकाळी हवालदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “साहेब, उद्या बोर्ड आहे त्या पोराचा,” म्हणाला आणि गेला. तो माझ्याशी असं कधी बोलत नसे. मी टोपी घेतली आणि चाळीत गेलो.

तात्या घरीच होता. रजा टाकली होती म्हणाला. खोली इतकी स्वच्छ की मी बूट बाहेर काढले. भिंतीला नट आवळायचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर उंचीप्रमाणे टांगलेले. मी वहीचा विषय काढला नाही. संशयित शहाणा असेल तर त्याला त्याच्या आवडीचं बोलू द्यायचं, ही माझी पद्धत. मी विचारलं, “तात्या, तुमची ही कंपनी बंद होणार म्हणतात. मुळात ती निघाली कशी?”

त्याने चटई टाकली, स्वतःही बसला. मग बोलायला लागला.

“बंद नाही होत. गिळतायत. मोठ्या कंपनीची मोठी विमानं जिथे उतरत नाहीत अशा गावांसाठी आम्हाला काढलं. त्यांची म्हातारी झालेली तीन डाकोटा विमानं आम्हाला दिली. त्यातलं एक तर उडेल असं कुणालाच वाटत नव्हतं. मी ते उडवून दाखवलं. काठियावाडात जायचो, कोल्हापूर-बेळगावला जायचो. कुठे धावपट्टीवर गुरं चरत असायची, आधी एक फेरी मारून ती हाकलायची आणि मग उतरायचं. सकाळची वर्तमानपत्रं, टपाल, आंब्याच्या पेट्या, एकदा तर नवरदेवासकट वऱ्हाड. तिकीट फाडणारा माणूसच शिडी लावायचा. पायलट खाली उतरून आमच्याबरोबर चहा प्यायचा. मोठ्या कंपनीतले लोक आम्हाला हसायचे. पण आमचं विमान माझ्या हातून गेलं आणि वाटेत बंद पडलं, असं एकदाही झालं नाही.”

“मग एकत्र का करतायत?”

“एकाच घरात दोन चुली कशाला, म्हणतात. मार्ग चालायला लागले ना आता. रुजवले आम्ही. गेल्या महिन्यात हँगरमध्ये रंगारी आले. विमानाच्या पोटावरचं आमचं नाव खरवडून काढलं आणि वर त्यांचं घातलं. मी शिडी धरून उभा होतो.”

“आणि तुम्हाला कोणती जागा मिळणार?”

तो उठला, कपाटातून एक टाइप केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. मोठ्या कंपनीचा नियम होता. मेकॅनिकच्या जागेला मॅट्रिक पास असायला हवं. तात्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये झाडू मारता मारता इंजिन शिकला होता. शाळा चौथीपर्यंत. त्याच्या नावापुढे ‘हेल्पर’ लिहिलं होतं. त्याखालच्या ओळीत मधुकरचं नाव, पुढे ‘मेकॅनिक, बोर्डाच्या अधीन’.

“त्याला पाना कसा धरायचा ते मी शिकवलं,” तात्या म्हणाला. “तो आला तेव्हा पेट्रोलचा वास सहन व्हायचा नाही, उलट्या करायचा. चांगला निघाला, हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला, कधीकधी. सोमवारपासून तो मला सांगणार, तात्या, तो नट आवळा. आणि प्रेमाने सांगणार. शिवी दिली असती तर चाललं असतं, साहेब. तो मला वाकून नमस्कार करणार आणि मग काम सांगणार.”

मी तो कागद मांडीवर ठेवला. इतकी वर्षं मी अनेकांच्या जबान्या घेतल्या होत्या, पण समोरचा माणूस माझंच बोलतोय असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी म्हणालो, “तात्या, चौकच्या शेडमध्ये ठेवलंय ना?”

त्याने नाकारलं नाही. “तुम्हाला कसं कळलं म्हणून विचारत नाही. तुम्हाला उशीर झाला, एवढंच. मी मंगळवारीच वाट बघत होतो.”

मी मांडीवरचा कागद घडी घालून त्याला परत दिला.

“जाळणारच होतो,” तो पुढे म्हणाला. “स्टोव्ह पेटवला. पहिलं पान उघडलं तर माझी सही. दुसरं उघडलं, माझी सही. नऊ वर्षं, साहेब. माझं स्वतःचं लॉगबुक कधी कुणी भरलंच नाही, तेव्हा तशी पद्धत नव्हती. मी काय काम केलं याचा पुरावा जगात कुठे असेल तर तो त्याच्या वहीत आहे. ती मी कशी जाळणार?”

आम्ही जीपने चौकला गेलो. समुद्राच्या बाजूला बोटींच्या इंजिनाची शेड होती. तात्याने स्वतः फळीमागून मेणकापडात बांधलेलं पुडकं काढून दिलं. कोळिणीला आणि तिच्या दिराला पंच करून मी जप्तीचा पंचनामा केला. वहीला एक डाग पडला नव्हता.

परतेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि आता खरी अडचण आली. वही जप्त झाली म्हणजे ती मुद्देमाल झाली. कोर्टाच्या हुकमाशिवाय ती फिर्यादीला परत देता येत नाही. बोर्ड शनिवारी सकाळी दहाला, आणि त्याआधी ठाण्याचं कोर्ट उघडणार नव्हतं. मी एक दिवस आधी जीप काढली असती तर हा प्रश्नच आला नसता. आता साहेबांकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. खबर गुरुवारी मिळाली होती हेही सांगितलं. ते मला मेमो देतील अशी माझी अपेक्षा होती. खरं तर इच्छाच होती. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “मुद्देमाल तुमच्या ताब्यात आहे ना अण्णा? मग तो घेऊन उद्या तुम्हीच बोर्डासमोर जा. वही तुमच्या हातातून सोडू नका. बघू दे त्यांना. डायरीत तशी नोंद करा.” गुरुवारबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. पुढेही कधी काढला नाही.

शनिवारी मी मधुकरबरोबर सांताक्रूझला गेलो. टेबलामागे तिघे बसले होते. मी वही त्यांच्यासमोर उघडी धरली आणि एकेक पान उलटत गेलो. मधल्या गृहस्थाने विचारलं, “या सगळ्या सह्या एकाच माणसाच्या आहेत. कोण आहे हा?”

मधुकरला तोवर सगळं कळलं होतं. तो म्हणाला, “माझे उस्ताद आहेत, सर. मला जे येतं ते त्यांनीच शिकवलंय.”

“मग ते मेकॅनिकच्या यादीत का नाहीत?”

“ते मॅट्रिक नाहीत, सर.”

गृहस्थाने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. मधुकरला मेकॅनिकची जागा मिळाली. तात्याबद्दल बोर्डात पुन्हा काही निघालं नाही.

पुढे मधुकरने कोर्टात अर्ज केला आणि कोर्टाच्या परवानगीने ते प्रकरण आपसांत मिटलं. तात्या नव्या कंपनीत गेला नाही. चौकला राहायला गेला आणि कोळ्यांच्या बोटींची इंजिनं बघू लागला. मधुकर दर सणाला त्याच्याकडे जायचा असं कळलं. तात्या त्याला चहा द्यायचा पण फारसं बोलायचा नाही, असंही कळलं. त्या दोघांचं पूर्वीसारखं कधी झालं नाही. मी उगाच झालं असं लिहिणार नाही.

राहिला पांडुरंग. त्याची नोकरी हमालांच्या सरसकट कपातीत गेली आणि तो मिठागरावर कामाला लागला. माफी मागायची हे मी आठवडाभर ठरवत होतो. शेवटी एका रविवारी साध्या कपड्यांत, धोतर-सदऱ्यात, दुपारच्या वेळी त्याच्या दारात गेलो. बाहेर कुणी नव्हतं. मी म्हणालो, “पांडुरंग, त्या दिवशी माझं चुकलं.”

तो जेवत होता. हात धुऊन बाहेर आला.

“साहेब, नेलंत तेव्हा अख्खी चाळ बघत होती,” तो म्हणाला. “आज आलात ते कुणी बघितलं पण नाय.” आवाज चढवला नाही, रागही दिसला नाही. मग म्हणाला, “पाणी घ्या,” आणि तांब्या पुढे केला.

मी पाणी प्यायलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी यायच्या वेळी मी पूर्ण गणवेशात त्या चाळीत गेलो. बाया हंडे-कळशा घेऊन उभ्या होत्या, पुरुष डबे घेऊन निघाले होते. पांडुरंगला बाहेर बोलावलं. त्याची बायकोही दारात आली. मी टोपी काढून काखेत धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या माणसाने काहीही केलेलं नव्हतं, मी त्याला कारण नसताना नेलं होतं, आणि माझ्या साहेबांनी मला खरा माणूस आधीच सांगितला होता तो मी ऐकला नाही.

शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. ते आपोआप तोंडातून गेलं. पण तेच वाक्य सगळ्यांत जड होतं, आणि ते बोलून झाल्यावर मला मोकळं वाटलं.

लोभाने किंवा रागाने गुन्हा करणारा माणूस पोलिसाला ओळखता येतो. असूयेने करणारा ओळखायला कठीण, कारण तो प्रेमाच्या माणसाचंच वाईट करतो आणि करतानाही त्याचं प्रेम सुटत नाही. तात्याने वही लपवली, मी जीप काढली नाही. कायद्याने त्याच्यावर केस झाली, माझ्यावर नाही, एवढाच फरक. पुढच्या सगळ्या नोकरीत एखाद्या माणसावर संशय घेताना मी स्वतःला आधी विचारायचो, याच्यावर संशय घेणं मला कशासाठी हवंय? उत्तर लगेच मिळालं नाही तर जीप थांबवायचो.

माफी मागितली त्या सोमवारी चाळीतून परतताना मी सरळ इन्स्पेक्टर साहेबांकडे गेलो. ते काहीतरी लिहीत होते. मी सॅल्यूट केला. ते म्हणाले, “बसा अण्णा,” आणि मी पहिल्यांदाच मनापासून बसलो.